घरातील नाव आणि ग्रंथातील नाव : चंद्रपूर-गडचिरोलीतील गृहशिक्षणाच्या पुस्तकांचा विचार

लहान मुलांना घरी शिकविताना कोणती पुस्तके हाताशी असावीत, या प्रश्नाचे उत्तर मराठीत बहुधा एखाद्या यादीने दिले जाते. निसर्गपर पुस्तके, कवितासंग्रह आणि कोश असे तीन विभाग त्या यादीत असतात. आणि ती सिद्ध करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याकडील घर असते, हे तिच्यातील नावांवरूनच कळून येते. चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन वनजिल्ह्यांतील घरांना ही यादी लावून पाहिली असता तिच्यातील पुस्तके वाईट ठरत नाहीत. तिचा क्रम मात्र उलटा ठरतो. शहरातील मुलाला पुस्तकातून झाडाकडे न्यावयाचे असते. येथील मुलाच्या अंगणात झाड आधीपासूनच आहे, त्याला नावही आहे, आणि ते नाव पुस्तकात नाही.

उदाहरण तेंदूचे घ्यावे. वैशाखात ज्याची पाने खुडून असंख्य घरांची मिळकत होते, ते हे झाड पश्चिम महाराष्ट्रात लिहिलेल्या पुस्तकांत बहुधा ‘टेंभुर्णी’ म्हणून येते. श्रीखंडावरील चारोळी शहरातील मुलाला ठाऊक असते. ती ज्या झाडाची, त्याला येथे ‘चार’ म्हणतात. ‘बिबळा’ वाचणाऱ्याला ‘बिजा’ ओळखू येत नाही. नावांतील हा फरक प्रौढ वाचक तळटीप पाहून मिटवितो. पाच वर्षांच्या मुलाला तळटीप नसते. छापील नाव खरे आणि आईच्या तोंडचे नाव अशुद्ध, एवढाच बोध त्याला होतो. आणि शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी घराविषयी लाज उत्पन्न करण्यास तेवढा पुरेसा आहे.

ही अडचण पूर्वी कोणी ओळखलीच नव्हती असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात शिंपले, बिया, पाने व खडे हेच शैक्षणिक साहित्य होते, आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेलेली होती. साधनांचा प्रश्न तेथे सुटला. ग्रंथांचा प्रश्न मात्र मागे राहिला. कारण शिंपल्याला भाषेची गरज नसते, पुस्तकाला असते.

निसर्गपर ग्रंथांत या प्रदेशाला सर्वांत जवळचा लेखक म्हणून मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. वनाधिकारी म्हणून लगतच्या नवेगावबांधच्या परिसरात त्यांनी बराच काळ काढला. माधवराव पाटलांसारख्या जाणकारांकडून आणि गोंड, ढीवर अशा रानात व पाण्यावर जगणाऱ्यांकडून ते शिकले, आणि ही ऋणे त्यांनी मोकळेपणाने नोंदविली. त्यांनी मराठीला एक लाख शब्द दिल्याचे सांगितले जाते. ही संख्या इतक्या वेळा उच्चारली गेली आहे की, ते शब्द आधी कोणाचे होते, हे विचारण्याचे सहसा कोणास सुचत नाही. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ ही त्यांची नावे मराठी शास्त्रीय लेखनाला उपकारक आहेत. परंतु ती संस्कृताच्या घडणीची, प्रौढ वाचकाची नावे आहेत. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ वा ‘रातवा’ ही पुस्तके मुलाच्या हाती द्यावयाची नसून मुलाच्या आईबापांनी वाचावयाची आहेत. त्यातील एखादे निरीक्षण रात्री गोष्टीसारखे सांगितले, आणि सांगताना पक्ष्याचे नाव घरातले ठेवले, तर त्या लेखनाचे चीज होते. वनवासीयांकडून गोळा झालेली ही शब्दसंपत्ती त्यांच्या मुलांना वाचता येईल अशा आकारात परत यावयाची राहिली आहे. या उणिवेचा दोष एकट्या चितमपल्लींचा म्हणता येत नाही. त्यांच्यानंतर लिहिणाऱ्यांनी व प्रकाशकांनीही हे काम अंगावर घेतलेले नाही.

या दृष्टीने डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ अधिक उपयोगी वाटते. गोईण म्हणजे मैत्रीण. गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते त्यांच्याच बोलण्यातून या पुस्तकात येते. झाडाची ओळख येथे त्याच्या उपयोगातून, त्याविषयीच्या समजुतींतून आणि आठवणींतून होते; आणि माहिती देणारी व्यक्ती घरातली बाई आहे, हे वाचकाला क्षणभरही विसरता येत नाही. काही मजकूर लहानांसाठी नाही. तो पालकांनी वगळावा. परंतु आजीला विचारून झाडाची नोंद करावयाची, ही रीत मुलाला शिकविणारे याहून चांगले मराठी पुस्तक दाखविणे कठीण आहे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे त्याच्या शेजारी ठेवावे. त्यातील वृक्ष या प्रदेशाचे असोत वा नसोत, महिन्यामहिन्याने निसर्ग पाहण्याची त्याची रचना उचलण्याजोगी आहे. मोहाची फुले रात्री गळतात आणि पहाटे वेचली जातात. पुढे फळे येतात आणि बियांचे, म्हणजे टोरीचे, तेल निघते. एवढ्या एका झाडावर घरच्या घरी अर्ध्या वर्षाचे ‘ऋतुचक्र’ लिहून होईल.

कवितेच्या बाबतीत यादीचा आग्रह बालकवींवर असतो. बालकवी (१८९०–१९१८) थोर खरेच. परंतु त्यांच्या श्रावणाचा हर्ष भामरागडच्या मुलाला जसाच्या तसा जाणवेल, असे गृहीत धरता येत नाही. तेथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या पुराने गाव तुटण्याचा तो काळ असतो. कविता टाळावी असा याचा अर्थ नव्हे. ती दुसऱ्या प्रदेशाची म्हणून शिकवावी. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) या संग्रहाचा प्रश्न अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्याचे नावच मुंबईच्या प्राणिसंग्रहालयाचे. प्राणी तेथे माणसांच्या लकबी घेऊन येतात, आणि ती गंमत पिंजऱ्याच्या सुरक्षिततेवर उभी आहे. ताडोबाच्या भोवतालच्या वा ब्रह्मपुरीकडील गावांत वाघ हा सरपणाला गेलेल्या माणसाच्या मरणाचा विषय असतो. अशा घरात विनोदी प्राणी शोभेल काय, अशी शंका कोणी घेईल. उलट, ज्या मुलाने वाघाचे नाव केवळ दबक्या आवाजात ऐकले आहे, त्याला रानातल्या जनावरावर एकदा मोठ्याने हसता येणे ही कवितेची मोठी सेवा आहे. वाघ वाचवा असा उपदेश करणाऱ्या, अलीकडे विपुल झालेल्या पद्यांना ही गोष्ट साधत नाही. त्यांत भीतीची दखलच नसते.

बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरील कविता मात्र विनासंकोच द्यावी. तिच्यात पाखराचे काम नेमके पाहिलेले आहे. शिवाय ती बोलीत आहे, आणि बोलीतील कविताही पुस्तकात छापली जाते, हे मुलाला तिच्यामुळे दिसते. झाडीबोलीत ‘ळ’ चा ‘र’ होतो, ‘डोळा’ चा ‘डोरा’ होतो. असे बोलणाऱ्या मुलाला खानदेशची ती बोली आपली वाटणार नाही, परंतु आपल्यासारखीच वाटेल. पोळ्याच्या झडत्या आणि माडिया-गोंडांची रेला गीते यांना यादीत स्थान नसते, कारण ती विकत मिळत नाहीत. घरात मात्र ती पहिली कविता असते.

कोशांविषयी थोडक्यात सांगता येईल. विश्वकोश मंडळाच्या कुमार विश्वकोशातील ‘जीवसृष्टी आणि पर्यावरण’ हे भाग माहितीने विश्वसनीय आहेत आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या मदतीने वापरता येतात. चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ घरात असल्यास उत्तम. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे झाडीबोलीच्या शब्दांचे काम अभ्यासकांच्या कपाटातून पालकांच्या हाती यावयास हवे. कोणताही कोश निवडताना एक साधी कसोटी पुरे : मुलाने घरातील नाव उच्चारले असता मोठ्या माणसाला पान सापडते काय? या कसोटीस प्रमाण नावांच्या वर्णानुक्रमावर रचलेले ग्रंथ बहुधा उतरत नाहीत, आणि तोपर्यंत वाळवलेले पान, त्याखाली आजीने सांगितलेले नाव आणि त्याखाली कोशातील नाव, अशी घरची वही हाच पहिला संदर्भग्रंथ मानावा लागतो.

गोंडी घरांची स्थिती याहून बिकट आहे. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तेथे फरक उच्चाराचा नसून शब्दाचाच आहे. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने गोंडीतून शिकविणारी स्वतःची शाळा काढली, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली तिच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. मान्यतेची चर्चा झाली तितकी पुस्तकांची झाली नाही. पाण्याला ‘एर’ आणि पाखराला ‘पिट्टे’ म्हणणाऱ्या मुलाने कुमार विश्वकोश उघडावयाचा, तर आधी कोणी तरी त्याचा प्रश्न मराठीत करून द्यावा लागतो. आणि बहुतेक घरांत ते काम सध्या त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या भावंडाकडे असते.