सोवळ्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

गेल्या दोन-तीन वर्षांत माझी वाचनाची सवय बदलली आहे. नवी पुस्तकं कमी घेते. जुनंच एखादं आवडतं पुस्तक काढते आणि त्याचे मिळतील ते अनुवाद शेजारी ठेवून वाचते. मी अनुवादक असल्यामुळे हे कामाचंच वाचन वाटेल, पण ते तसं नसतं. रात्रीची जेवणं आटोपल्यावर, कुठलीही मुदत डोक्यावर नसताना केलेलं असतं. या सवयीनं माझ्या आवडत्या पुस्तकांचा क्रम बदलला आणि एक जुनी शंका अधिक टोकदार केली.

क्रमात वर आलेलं पहिलं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. 1930च्या दशकातलं हे आत्मकथन इंग्रजीत एकाहून अधिक वेळा गेलं. ई. जोसेफिन इंक्स्टर यांचा अनुवाद 1950 सालचा, ‘आय फॉलो आफ्टर’ या नावानं. शांता गोखले यांचा 2017 सालचा. त्यांनी मूळ नाव ठेवून ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’ अशी जोड दिली. नुसत्या शीर्षकांतूनच दोन वेगळ्या बाया उभ्या राहतात. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या पाच वर्षांतला विरह, राग, हट्ट आणि स्वतःच्या बुद्धीनं केलेला विचार हा पुस्तकाचा कणा आहे. इंक्स्टर यांचं शीर्षक त्या प्रवासाचा शेवट सांगतं: बाई नवऱ्यामागून गेली. गोखल्यांचं शीर्षक तिच्या स्वभावाकडे बघतं, आणि मला ते अधिक न्याय्य वाटतं. तरीही दोन्हीकडे ती कुणाची तरी बायकोच राहते. लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या शीर्षकात नवरा नाही.

आता मजकुरातला एक शब्द घेऊ: सोवळं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं आणि त्याचा जाच घरातल्या बायकांना होई. मराठी वाचक हे वाचताना आधी हसतो. मग आपण कशाला हसलो हे कळून वरमतो. दोन्ही गोष्टी त्याच वाक्यात घडतात, कारण बाई कुठे थांबून समजावत नाहीत. इंग्रजीत इथे ‘शुद्धी’ या अर्थाचा शब्द घातला की सुरात लगेच समाजशास्त्र येतं. मूळ शब्द तसाच ठेवला तर खुलासा लागतो, आणि खुलासा आला की विनोद गेला. यात अनुवादकाचा दोष नाही. त्या भाषेच्या स्वयंपाकघरात ही वस्तूच नाही.

कन्नडमध्ये ती आहे. तिथे ‘मडी’ म्हणतात, आणि आपल्या सोवळं-ओवळंसारखी तिथे ‘मडी-मैलिगे’ अशी जोडीच आहे. यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ (1965) या जोडीवरच उभी आहे. अग्रहारातले सगळे नियम मोडलेला नारणप्पा मरतो आणि त्याला अग्नी कुणी द्यायचा, यावर गाव अडून बसतं. ए. के. रामानुजन यांनी 1976 च्या इंग्रजी अनुवादात शीर्षक तसंच ठेवलं आणि आरंभी किटेलच्या 1894 च्या कन्नड-इंग्रजी कोशातले त्या शब्दाचे अर्थ दिले. इंग्रजी वाचकाला ती मदत झाली. गंमत अशी की तिची गरज मराठी वाचकालाही आहे. आपल्याकडे ‘संस्कार’ म्हटलं की आधी ‘मुलांवरचे चांगले संस्कार’ आठवतात, प्रेतसंस्कार मागाहून. मडी आपल्याला न सांगता कळते आणि संस्कार हा ओळखीचा शब्द मात्र फसवतो. शेजारच्या भाषेत अडचणी नसतात असं नाही. त्या वेगळ्या असतात, आणि त्यातूनच आपलीही भाषा नव्यानं दिसते.

माझी शंका इथली आहे. या अंकाचे बहुतेक वाचक दोन-तीन भाषांत सहज वावरतात. तरी एकमेकांची पुस्तकं आपण बहुधा इंग्रजीतून वाचतो. मीही वाचते. तमिळ मला येत नाही; पेरुमाळ मुरुगन मला ‘वन पार्ट वुमन’मुळेच भेटले. बानू मुश्ताक यांच्या कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला ‘हार्ट लॅम्प’ हा अनुवाद तर मला मनापासून आवडला. कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरपे न छापता, तळटीप न देता त्यांनी वाक्यात राहू दिले. 2025 चा आंतरराष्ट्रीय बुकर त्या इंग्रजीला मिळाला, हे चांगलंच झालं. पण ते पुस्तक वाचताना मी मनातल्या मनात संवाद मराठीत आणत होते, आणि ते भराभर येत होते. म्हणजे शेजारच्या घरी जायला मी शहराला वळसा घालून गेले होते.

मधली वाट अस्तित्वात आहे. उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’सारख्या कादंबऱ्या थेट कन्नडमधून मराठीत आणल्या. विरूपाक्ष कुलकर्णींनी कन्नड वाचून दाखवायचं आणि त्यांनी ऐकून मराठी लिहायचं, अशी या दांपत्याची पद्धत. त्या मराठीत कानानं ऐकलेली लय आहे. भैरप्पा मराठी घरांत आपले लेखक होऊन बसले ते या कामामुळे. असं काम दोन भाषांपलीकडे फारसं दिसत नाही, म्हणून त्यावर लिहिलंही कमी जातं. समीक्षकांनी इंग्रजी अनुवादाकडे जेवढं बारकाईनं पाहिलं, तेवढं कन्नड-मराठी, तमिळ-मल्याळम, बांगला-असमिया अनुवादांकडे पाहायला हवं. कुठला शब्द सहज आला आणि कुठला फसला, हे नावानिशी सांगायला हवं.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. एखादं भारतीय पुस्तक मराठीत किंवा हिंदीत थेट मुळातून आलेलं असेल, तर आधी ते वाचायचं, इंग्रजी मागाहून. यात इंग्रजीला ओवळं ठरवण्याचा हेतू नाही. पण मडी म्हणजे सोवळं, हे कळायला मला इंग्रजी शब्दकोश उघडावा लागू नये, एवढंच.