शोकाचा विसर पडलेला भयपट

मृतांशी बोलण्याची इच्छा मुळात भयातून नव्हे, विरहातून जन्मते. नोकरीपायी मुलूख सोडलेल्या आणि आप्तांच्या अखेरच्या क्षणी घरी पोहोचू न शकलेल्या आम्हां मंडळींना हे निराळे सांगावयास नको. म्हणूनच स्टाइल्स व्हाइट दिग्दर्शित ‘उइजा’ (२०१४) हा अमेरिकी चित्रपट आम्ही काहीशा अपेक्षेने पाहिला.

डेबीच्या आकस्मिक मृत्यूनंतर तिची बालमैत्रीण लेन राहून गेलेला निरोप घेण्यासाठी चार सोबत्यांसह अक्षरांच्या फळीभोवती बसते. आपल्याकडील प्लँचेटचाच हा प्रकार. प्रारंभ आशयगर्भ आहे; परंतु उत्तर देणारा आत्मा डेबीचा नाही हे कळताच दिग्दर्शकालाही डेबीचा विसर पडतो. मग एकामागून एक मुले मरतात. पहिल्या मृत्यूने व्याकूळ झालेली लेन पुढच्या मृत्यूंनी मात्र फारशी हलत नाही. जेथे शोक खरा नाही, तेथे भय तरी खरे कसे वाटावे?

ही फळी विकणारी हॅस्ब्रो कंपनीच निर्मात्यांपैकी एक होती. सुमारे ५० लाख डॉलर खर्चून १० कोटींहून अधिक मिळाले. व्यवहार साधला, कला हुकली.

दोष मात्र विषयाचा नव्हे. माइक फ्लॅनगन यांनी २०१६ मध्ये याच कथेचा पूर्वभाग रचताना १९६७ सालची एक विधवा आणि तिच्या दोन मुली घेतल्या. तेथे धाकटी मुलगी फळीपाशी बसते ती दिवंगत वडिलांच्या ओढीने. ती ओढ आम्हांस पटली, आणि म्हणूनच भीतीही वाटली.