शेमस हीनीच्या एका कवितेतील वस्तीचा भूगोल

उत्तर आयर्लंड प्रॉटेस्टंटांचा आणि दक्षिण कॅथलिकांचा, अशी ढोबळ वाटणी गृहीत धरून आयरिश साहित्य वाचण्याची सवय अद्याप सुटलेली नाही. १९२१ च्या फाळणीने नकाशावर जी रेषा ओढली, तीच जणू लोकवस्तीचीही रेषा होय, असे मानले जाते. प्रत्यक्षात उत्तरेतील सहा काउंट्यांत २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे कॅथलिक अथवा कॅथलिक घरात वाढलेले लोक शेकडा ४५.७ आहेत, प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती मिळून शेकडा ४३.५. खरी सीमा गल्लीगल्लीतून आणि शेताशेतातून जाते. बेलफास्टमध्ये फॉल्स रोड व शँकिल रोड या दोन रस्त्यांत हाकेचे अंतर, आणि मध्ये १९६९ पासून उभी राहिलेली भिंत.

ही सरमिसळ कशी झाली हे ध्यानात घेतल्यावाचून हीनीची 'दि अदर साइड' ही कविता नीट उकलत नाही. १६०९ नंतर अल्स्टरमध्ये स्कॉटलंड व इंग्लंड येथील लोकांची वसाहत करण्यात आली. चांगली सखल जमीन बहुतांशी नवागतांकडे गेली. स्पेरिन डोंगर, अँट्रिमची खोरी असा चढणीचा मुलूख मूळ रहिवाशांकडे राहिला. परंतु जमीनदारांस कुळांची गरज होती, म्हणून त्यांना समूळ हुसकावून लावण्याचा बेत तडीस गेला नाही. दोन्ही समाज बांधाला बांध लावून राहिले.

१९७२ च्या 'विंटरिंग आउट' या संग्रहातील या कवितेत प्रॉटेस्टंट शेजारी ओढ्याच्या पलीकडे उभा राहून अलीकडच्या कॅथलिक कुटुंबाच्या जमिनीची प्रत ठरवतो, आणि तीही बायबलच्या भाषेत. या प्रसंगाकडे केवळ स्वभावचित्र म्हणून पाहणे हे उथळ वाचन होय. जमीन निकृष्ट ठरविणाऱ्या त्या सहज उद्गारामागे साडेतीन शतकांची जमीनवाटणी उभी आहे. बोलणाऱ्यास तिची जाणीव नसावी. ऐकणाऱ्या मुलास मात्र ते शब्द विसरता येत नाहीत. हीनीचे जन्मस्थान मॉसबॉन. या नावातही हीच गुंतागुंत आहे. 'मॉस' हा स्कॉटिश वसाहतवाल्यांचा शब्द, 'बॉन' म्हणजे त्यांचे तटबंदीचे घर. पण हीनीच्या घरच्या उच्चारात त्याच उत्तरपदातून 'पांढरा' या अर्थाचा गेलिक शब्द ऐकू येई.

दक्षिणेतील प्रॉटेस्टंटांचे चित्र निराळे. एलिझाबेथ बोवेन हिच्या 'दि लास्ट सप्टेंबर' (१९२९) मध्ये जमीनदारांचा वाडा गावापासून तुटलेला, झाडीत एकाकी आहे. तेथे शेजार असा नाहीच, आणि म्हणून त्या कादंबरीतील भय दुरून येते.

हीनीच्या कवितेत ते दाराशी येते. घरात जपमाळेची प्रार्थना चालू असताना शेजारी बाहेर अंगणात थांबतो. ती संपल्यावरच दार ठोठावतो. यात सलोख्याचे आश्वासन शोधणाऱ्यांनी शेवट पुन्हा वाचावा. निवेदक अंधारात त्याच्या मागे उभा आहे. निमूट निघून जावे, की खांद्यावर हात ठेवून हवापाण्याविषयी, गवताच्या बियाण्याच्या भावाविषयी बोलावे, हा प्रश्न तो सोडवीत नाही. कवी येथे थांबला, हे योग्यच झाले. ज्या वर्षी संग्रह निघाला, त्याच वर्षी जानेवारीत डेरीच्या रस्त्यावर लष्कराच्या गोळीबारात निःशस्त्र माणसे मारली गेली होती.