रॉकेट टिपणारे हौशी

संगणकाला पाच मिनिटे कोणी हात लावला नाही की पडद्यावर पांढरेशुभ्र वाळवंट उमटते. मधोमध एक सडपातळ रॉकेट जमिनीपासून हातभर उचललेले असते. त्याच्या शेपटाशी निळसर ज्योत आणि त्या ज्योतीत एकापाठोपाठ एक उजळ ठिपके. काही सेकंदांनी चित्र बदलते. आता हिरवे कुरण, धुराची उभी रेघ आणि माना वर करून पाहणारी दहा-बारा मुले. हौशी रॉकेटवाल्यांनी काढलेल्या फोटोंचा हा स्क्रीन सेव्हर. माउस हलला की तो निघून जातो, पण पाहणाऱ्याला माउस हलवावासा वाटत नाही.

डहाणूच्या माणसाला अशा कलेची कदर करणे अवघड नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रे 1989 साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या प्रदर्शनात लागली आणि परक्या लोकांनी ती मनापासून पाहिली. आपल्या मातीतली कला परदेशात नावाजली गेली, तशी तिकडच्या लोकांनी जपलेली एखादी कला इथल्या स्मरणिकेत नावाजली जावी, हे रास्तच आहे.

स्क्रीन सेव्हरचा जन्म मात्र गरजेतून झाला. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन् तास राहिले की त्याचा डाग पडद्यावर कायमचा उठे. म्हणून जॉन सोचा यांनी 1983 साली एक छोटा प्रोग्राम लिहिला. तीन मिनिटे कोणी काही टंकले नाही की तो पडदा काळा करी. पुढे काळ्या पडद्याच्या जागी चित्रे आली. 1989 साली ‘आफ्टर डार्क’ने पंखवाले टोस्टर घरोघरी उडवले. आजच्या सपाट पडद्यांना त्या राखणीची फारशी गरज उरलेली नाही, तरी लोक आपल्या आवडीचे फोटो तिथे लावतातच.

हौशी रॉकेटांची गोष्ट अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात सुरू होते. ऑर्व्हिल कार्लाइल यांचे तिथे चपलाबुटांचे दुकान होते आणि त्यांना आतषबाजीचा नाद होता. भाऊ रॉबर्ट यांच्यासह त्यांनी 1954 साली कागदी नळीचे एक हलके रॉकेट केले. त्याची मोटर दरवेळी नवी घालायची आणि रॉकेट पॅराशूटने उतरवून पुन्हा उडवायचे. त्या काळात घरी दारू ठासून रॉकेट करताना मुलांची बोटे, डोळे जात होते. व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांना कार्लाइल यांच्या रॉकेटमध्ये सुरक्षित वाट दिसली. 1957 साली या छंदाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. व्हर्नन एस्टिस यांनी मोटरी बनवणारे यंत्र तयार केले, त्याचे नाव ‘मेबल’. कारखान्यात नीट बनवलेली मोटर, विजेच्या तारेने दुरून पेटवणे आणि मोठ्याने केलेली उलटी मोजणी या शिस्तीवर तो छंद आजही उभा आहे.

आता फोटोकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. दुकानात मिळणाऱ्या ‘सी6’ मोटरीचा जोर सरासरी सहा न्यूटन असतो, पण सुरुवातीच्या क्षणी तो चौदाच्या आसपास जातो. शंभर ग्रॅमचे रॉकेट तीन फुटी सळईवरून सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत निसटते. डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे ज्योत दिसल्यावर बटण दाबणाऱ्याच्या फोटोत रिकामी सळई आणि धूर एवढेच येते. म्हणून जाणता फोटोवाला ‘दोन’ ऐकताच एकापाठोपाठ फोटो घेऊ लागतो. भरती कधी फिरणार हे ओळखून मासळी दिसण्याआधीच डोल लावणाऱ्या धाकटी डहाणूच्या नाखव्याला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शटरचेही तसेच. सळई सोडताना रॉकेटचा वेग सेकंदाला दहा-बारा मीटर असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागातही ते सेंटिमीटरभर सरकते आणि तेवढ्याने अंगावरची अक्षरे पुसट होतात. शटर आणखी जलद केले तर प्रकाश कमी पडतो. त्यात ज्योत अतिशय प्रखर आणि रॉकेटचे अंग सावलीत. दोन्ही एकाच फोटोत सांभाळणे हे कसब वर्षानुवर्षे मैदानात उभे राहूनच येते.

मोठ्या रॉकेटांच्या मोटरी वेगळ्या मिश्रणाच्या असतात. स्ट्रॉन्शियमने ज्योत लाल होते, बेरियमने हिरवी, तर टायटॅनियमच्या कणांनी ठिणग्यांचा पिसारा फुटतो. स्क्रीन सेव्हरवरच्या ज्योतीतले ते उजळ ठिपके म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूतले दाबाचे पट्टे. नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अशी रॉकेटे उडतात. ‘एम’ वर्गाच्या मोटरीपासून माणसाने निदान 500 फूट लांब राहायचे असते. त्यामुळे फोटोवाले कॅमेरा तिपाईवर सोडून मागे येतात आणि रॉकेटच्या आवाजानेच शटर उडेल अशी व्यवस्था करतात.

या कलेची दुसरी शाखा अधिक धाडसी आहे. तिच्यात कॅमेराच वर जातो. 24 ऑक्टोबर 1946 रोजी व्हाइट सँड्सहून सुटलेल्या व्ही-2 रॉकेटने शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवरून पृथ्वीचे फोटो घेतले. रॉकेट आपटून चुराडा झाले, फिल्म पोलादी डबीत वाचली. एस्टिस कंपनीने 1965 साली ‘कॅमरॉक’ काढून हाच आनंद शाळकरी मुलांच्या हाती दिला. एका उड्डाणात एकच कृष्णधवल फोटो. वरच्या टोकाला पॅराशूट बाहेर फेकणारा बार होई, नाक धडापासून सुटे आणि त्याच हिसक्याने शटर उघडे. बार लवकर झाला तर फोटोत नुसते आकाश, बेताने झाला तर खालचे शेत, रस्ता आणि वर पाहणारे आपलेच मित्र. 1979 साली रंगीत फोटो घेणारा ‘अ‍ॅस्ट्रोकॅम’ आला. त्याची 110 फिल्म पुढे बाजारातून गेली, पण लोमोग्राफी कंपनीने 2012 साली ती पुन्हा आणली आणि जुन्या अ‍ॅस्ट्रोकॅमना पुन्हा वर जायची सोय झाली.

आपल्या देशातली अंतराळ रॉकेटांची सुरुवातही मच्छीमारांच्या गावातच झाली. 21 नोव्हेंबर 1963 च्या संध्याकाळी केरळच्या थुंबा किनाऱ्यावरून नाइके-अपाची रॉकेट सुटले. उड्डाणतळासाठी तिथल्या कोळ्यांनी जागा सोडली होती आणि चर्चची इमारत कार्यालय झाली होती. रॉकेटने उंचावर सोडियमची वाफ सोडली आणि मावळत्या उन्हात तिचा नारिंगी ढग आकाशात दिसला. वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या अशा ढगांच्या फोटोंवरून वरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग काढतात. थुंब्याच्या त्या सुरुवातीच्या तुकडीत पुण्याचे प्रमोद काळे होते. ते पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले.

भारतात स्फोटकांचे नियम कडक आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण बाटलीतल्या पाण्याचे रॉकेट कोणालाही करता येते. शीतपेयाची रिकामी प्लास्टिक बाटली तिसरा हिस्सा पाण्याने भरायची, भोक पाडून सायकलच्या ट्यूबची नळी बसवलेले घट्ट बूच लावायचे आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली लांबून पंप मारायचा. दाब पुरेसा झाला की बूच निसटते आणि पाण्याचा फवारा मागे टाकत बाटली उंच जाते. धाकटी डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीला मोकळी वाळू भरपूर असते. बाटलीवर कोणी वाकून पाहू नये आणि सुकत घातलेल्या मासळीपासून लांब उडवावी. फोटोसाठी सकाळची वेळ उत्तम. समुद्र पश्चिमेला असल्याने तोंड पाण्याकडे केले की ऊन पाठीशी येते आणि उडालेला प्रत्येक थेंब मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये वेगळा दिसतो.