खुन्याला किती जागा द्यायची?

'सर्च: द नैना मर्डर केस' पाहून संपवली आणि राग आला. कोंकणा सेनशर्मावर नाही, तिनं आपलं काम चोख केलं आहे. राग आला तो कात्री कुठे चालवली ते पाहून. मूळ डॅनिश 'द किलिंग'मध्ये डीआर या तिथल्या सार्वजनिक वाहिनीनं 2007 साली एका मुलीच्या खुनाला 20 भाग दिले होते, एका भागात तपासाचा एक दिवस. 2025 साली तीच गोष्ट नवी मुंबईत आणून आपण 6 भागांत बसवली. संशयित शाबूत, पुढारी शाबूत, भागाच्या शेवटचा धक्काही शाबूत. आक्रसलं ते मुलीचं घर. आणि त्या घरासाठीच तर मूळ मालिका पाहायची असते.

आमच्या बंगळुरूच्या व्हाइटफील्डात मराठी मंडळी जमली की डॅनिश मालिकांचा विषय हटकून निघतो. त्या का आवडतात, तर करडं आकाश, संततधार पाऊस, 'द किलिंग'मधल्या तपास अधिकारी सारा लुंडचा तो फेरो बेटांचा स्वेटर. मला हे पटत नाही. अंधार आणि पाऊस विकत मिळतो. आपल्या निर्मात्यांनी तो गेल्या काही वर्षांत घाऊक भावानं घेतला. चित्राला निळसर रंग चढवला, अधिकाऱ्याचा घटस्फोट करून टाकला, की झाली वास्तववादी मालिका! खुद्द डेन्मार्कचंही सगळंच थोर नाही. 'द ब्रिज'ची सुरुवात, दोन देशांच्या सीमारेषेवर मोजून ठेवलेलं प्रेत, अजून डोळ्यांपुढे आहे. पण पुढे तिथला खुनी इतका सर्वज्ञ होत जातो की पोलीस त्याच्या हातची बाहुली होतात. 'द चेस्टनट मॅन' ही उत्तम बांधलेली भयकथा आहे, त्यापलीकडे काही नाही.

'द किलिंग'च्या पहिल्या भागाचा शेवट मात्र पुन्हा पाहावा. थाइस बिर्क लार्सनचा सामान हलवण्याचा धंदा आहे. मुलगी घरी आली नाही म्हणून तो शोधत निघालाय आणि त्याच वेळी बायकोशी, पेर्निलाशी, फोनवर बोलतोय. पोलीस पाण्यातून मोटार बाहेर काढतात तिथे तो पोचतो. फोन चालूच आहे. पेर्निलाला काही दिसत नाही, फक्त नवऱ्याचा आवाज ऐकू येतो. लेखक सोरेन स्वाइस्त्रुप इथे थांबत नाही, हे त्याचं मोठेपण. पुढचे 19 भाग तो त्या घरात जात राहतो. दोन धाकट्या भावांना कसं सांगायचं, अंत्यविधीचं काय, धंदा चालवायचा की बंद ठेवायचा, आलेल्या माणसांशी काय बोलायचं. तपास पुढे सरकतो, घर जिथल्या तिथे उभं राहतं. दुःखाला लागणारा वेळ त्यानं पडद्यावर पुरा लागू दिला. 6 भागांत ते होत नाही, कितीही चांगले नट घ्या.

या वळणाचं टोक म्हणजे टोबियास लिंडहोमची 'द इन्व्हेस्टिगेशन', 2020 सालची. किम वॉल ही स्वीडिश पत्रकार 2017च्या ऑगस्टमध्ये एका पाणबुडीत मुलाखतीसाठी गेली आणि मारली गेली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्या पाणबुडीवाल्याला मथळ्यांत नाचवलं होतं. लिंडहोम त्याचं नावही उच्चारू देत नाही. सहा भागांत तो एकदाही दिसत नाही. त्याची चौकशी चालते त्या खोलीत आपल्याला प्रवेशच नाही. अधिकारी बाहेर येते आणि आज त्याची जबानी कशी बदलली ते सहकाऱ्यांना सांगते. मग उरतं काय? उरतं काम. पाणबुडे रोज समुद्रात उतरतात आणि रिकाम्या हातांनी वर येतात. माग काढणारी कुत्री बोटीच्या टोकाशी वास घेत बसतात. प्रवाहांचा हिशेब मांडून शोधाची जागा बदलली जाते. तपासप्रमुख येन्स मोलर पुरावा घेऊन जातो आणि सरकारी वकील त्याला परत पाठवतो: यानं खून सिद्ध होत नाही, तो अपघात म्हणेल. व्हाइटफील्डातल्या आयटीपीएल या आयटी पार्कच्या आसपास नोकरी करणाऱ्या माणसाला ही मालिका का धरून ठेवते, ते मला इथे कळतं. कामावर निष्ठा असलेली माणसं कंटाळा न लपवता काम करताना आपल्या पडद्यावर दिसतात तरी कुठे?

किमच्या आईवडिलांनी या मालिकेला साथ दिली. त्यांच्या घरचा कुत्रा इसो मालिकेत आहे, स्वतःच्याच भूमिकेत. पोरीच्या मरणावर मालिका काढणाऱ्याच्या हाती आईबापांनी घरचं जनावर सोपवलं! इतका विश्वास कमावल्यावरच अशा गोष्टीला हात घालावा.

त्याच 2020 साली झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली. साताऱ्याकडच्या गाजलेल्या हत्याकांडाची छाया तिच्यावर होती, म्हणजे तिथेही खऱ्या बायका मेल्या होत्या, खरी घरं उजाडली होती. मालिकेनं काय केलं? खुनी नायक झाला. त्याचं हसू, त्याच्या युक्त्या, तो आता सुटतो कसा याची उत्कंठा. बायका आल्या त्या मरण्यापुरत्या. मालिका इतकी चालली की दुसरी आली, मग तिसरी. प्रेक्षकांना हेच हवं असतं, हे उत्तर मला नको. प्रेक्षकांना दुसरं दिलं होतं कधी?

दिलं होतं, हेच तर दुखणं आहे. मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची 'एक शून्य शून्य' होती. पोलिसांच्या दप्तरातली प्रकरणं, साधे फौजदार, साध्या खोल्या. त्याच बी. पी. सिंगांची 'सीआयडी' 1998 साली आली आणि तपासाच्या जागी दरवाजे तोडणं आलं. शिवाजी साटम दोन्हीकडे होते. नट तोच आणि दिग्दर्शक तोच, तर मग कुवतीची सबब चालत नाही.

हिंदीत 'कोहरा' आहे. पंजाबातल्या एका खुनाच्या निमित्तानं तिनं बापलेकांची दोन-तीन घरं उघडून दाखवली, आणि सुविंदर विकीचा थकलेला फौजदार कुठल्याही डॅनिश अधिकाऱ्याच्या तोडीचा आहे. 'दिल्ली क्राइम'ला एमी मिळालं; पण ती पोलिसांच्या बाजूची मालिका आहे, बळी पडलेल्या मुलीच्या घरची नाही. 'पाताल लोक'ला राजकारण सांगायची घाई फार.

मराठीत 'मानवत मर्डर्स'कडून माझ्या फार अपेक्षा होत्या. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं 1972 ते 74 चं खुनांचं प्रकरण, रमाकांत कुलकर्णींसारखा तपास अधिकारी, आशिष बेंडेंसारखा दिग्दर्शक, गोवारीकर, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, अनासपुरे. याच प्रकरणावर तेंडुलकर-पालेकरांनी 1981 साली 'आक्रीत' हा चित्रपट केला होता. मालिका देखणी आहे, वेशभूषा नेटकी आहे. पण कॅमेरा पुन्हापुन्हा वळतो तो वाड्याकडे, गुप्तधनाकडे, अघोरी विधीकडे. ज्यांच्या पोरी गेल्या त्यांची घरं प्रसंगापुरती येतात: हंबरडा, पंचनामा, पुढचं दृश्य. मला त्यातल्या एका घरात आठ भाग बसायचं होतं. रात्री पोरीच्या अंथरुणाचं काय केलं, बापानं दुसऱ्या दिवशी रोजगार बुडवला का, पोलीस आले तेव्हा त्यांना बसायला काय दिलं, हे मला पाहायचं होतं. मानवतच्या खुनांतलं आपण अजून न पाहिलेलं काही असेल तर ते एवढंच.

यासाठी कोपनहेगन लागत नाही. आमच्याच व्हाइटफील्डात उंच इमारतींच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बांधकामावरची कुटुंबं राहतात, उत्तर कर्नाटकातून आलेली, बंगालमधून, ओडिशातून आलेली. त्यांच्यातली एखादी मुलगी हरवली तर तक्रार कोण लिहून घेईल, कुठल्या भाषेत, दुसऱ्या दिवशी तिची आई कामावर जाईल की नाही? यात 20 भाग नाहीत, असं कुणी मला सांगू नये.

पैशाचं कारणही मी मान्य करणार नाही. डीआर रविवारी रात्री आठची वेळ आपल्या नाटकांसाठी राखून ठेवते आणि एकेका लेखकाला वर्षानुवर्षं लिहू देते. खाजगी वाहिन्यांकडून मी ही अपेक्षा ठेवत नाही, त्यांना रोजचा आकडा हवा. पण सह्याद्री वाहिनी जनतेच्या पैशावर चालते. तिच्याकडे रविवार आहे, 'एक शून्य शून्य'चा वारसा आहे आणि आकड्यांमागे धावायची सक्ती नाही. चैतन्य ताम्हाणेंनी 'कोर्ट'मध्ये दुय्यम न्यायालयाची एक खोली किती वेळ पाहता येते ते दाखवून दिलं. तशा नजरेच्या दोन लेखकांना एक प्रकरण द्या, वर्षभर जिल्ह्यात राहू द्या, आणि त्यांच्याकडून एकच अट लिहून घ्या: खुनी पडद्यावर दिसणार नाही.