यंत्राची भाषा आणि समूहाचा आवाज : लिलियन-इव्हॉन बर्ट्रम यांची कविता

संगणकनिर्मित कवितेची चर्चा बहुधा यंत्राला प्रतिभा असते काय, या प्रश्नाभोवती घोटाळत राहते. आफ्रिकन-अमेरिकन कवी लिलियन-इव्हॉन बर्ट्रम यांनी तो बाजूला सारला आहे. यंत्र जी भाषा बोलते ती कोणाची, याचा शोध त्यांची कविता घेते.

'ट्रॅव्हेस्टी जनरेटर' (२०१९) या संग्रहाच्या नावामागे ह्यू केनर आणि जोसेफ ओ'रूर्क यांचा १९८४ मधील 'ट्रॅव्हेस्टी' हा प्रोग्रॅम आहे. मूळ मजकुरातील अक्षरसमूहांची वारंवारता राखून तो नवा मजकूर जुळवीत असे. अर्थाशी त्याला कर्तव्य नव्हते. कृष्णवर्णीयांच्या मृत्यूच्या वार्ताही अशाच ठरीव साच्यातून बाहेर पडतात, हे साम्य बर्ट्रम यांनी हेरले. २०१२ मध्ये गोळी घालून मारला गेलेला ट्रेव्हॉन मार्टिन आणि २०१४ मध्ये पोलिसांच्या पकडीत मरण पावलेले एरिक गार्नर यांच्याविषयीच्या कविता या दृष्टीने वाचाव्या लागतात. श्वास घेता येत नाही, असे गार्नर अकरा वेळा म्हणाले होते. प्रोग्रॅममध्ये पुनरावृत्ती ही अगदी साधी क्रिया. या पार्श्वभूमीवर मात्र ती भयावह होते. शिवाय येथील आज्ञावल्या छोट्या आहेत. यंत्र काय करते आणि कवीने काय केले, हे वाचकाला ताडून पाहता येते.

'अ ब्लॅक स्टोरी मे कन्टेन सेन्सिटिव्ह कन्टेन्ट' (२०२४) या पुस्तिकेत ही पारदर्शकता उरत नाही. येथे जीपीटी-३ या भाषिक प्रारूपाला कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगण्यास फर्मावले आहे. त्याच्या जोडीला ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या लेखनावर प्रशिक्षित केलेले प्रारूपही आहे. सर्वसाधारण प्रारूपाचा ठोकळेबाजपणा या तुलनेत उघडा पडतो, आणि पुस्तिकेचे खरे सामर्थ्य तेथेच आहे. दुसऱ्या प्रारूपामुळे समूहाचा आवाज परत मिळाला, असे मात्र म्हणता येत नाही. ब्रुक्स यांचे शिकागोतील ब्रॉन्झव्हिल हे केवळ शैलीतून घडले नव्हते. पुलित्झर पारितोषिक (१९५०) मिळाल्यावरही, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतील तरुणांसाठी काव्यशाळा चालविली. त्या तरुण पिढीमुळे त्यांची स्वतःची कविताही बदलली. १९७१ मध्ये त्यांनी संपादिलेला 'जम्प बॅड' हा संग्रह याच सहवासाचे फळ होय. प्रारूप ब्रुक्स यांचे शब्द घेते, परंतु ब्रुक्स यांना उलट काही ऐकवीत नाही. ही एकतर्फी देवघेव बर्ट्रम यांनी आणखी कठोरपणे तपासावयास हवी होती.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत विवेचिले. अनुभव भोगलेल्याखेरीज इतरांना तो लिहिता येतो काय, हा दलित साहित्यविचारातील वाद आजवर माणसांपुरता होता. दलित आत्मकथनांच्या भाषेवर प्रशिक्षित झालेले एखादे प्रारूप 'दलित कथा' लिहू लागले, तर तिला साहित्य म्हणावे की नमुना, आणि ती भाषा वापरण्याची परवानगी कोणाकडे मागावी, हे त्या वादाच्या जुन्या परिभाषेत सांगता येणार नाही.