फारसी कुणी संपवली?

प्रेम आटले की भाषा मरते, असे आपले प्रस्थापित साहित्यिक व्यासपीठावरून सांगत असतात. औरंगाबादेत तरी हे विधान टिकत नाही. निजामी दप्तर फारसीत होते तोवर हिंदू कारकुनांनीही ती पोटासाठी घोटली. १८८० च्या दशकात दप्तर उर्दूत गेले आणि फारसीची गरज संपली. १९४८ नंतर उर्दूही कचेरीतून गेली. पण ती घरांत बोलली जात होती, म्हणून जगली. फारसीचे ‘फिर्याद’, ‘जमीन’ असे शब्द तेवढे मराठीत उरले.

आणि शिकणाऱ्याची ‘आवड’ म्हणजे तरी काय? मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. परकी भाषा खुली आणि देववाणीला कुलूप! पुढे संस्कृत ते स्वतःच्या हिमतीवर शिकले, पालीचा कोशही रचला. संस्कृत आक्रसली याचा दोष मग दाराबाहेर ठेवलेल्यांवर कसा येतो?

आज अजिंठ्याचे काही गाईड जपानी शिकतात. प्रवासी येतात, चार पैसे मिळतात. त्यात गैर काही नाही. पालीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. पाली घेऊन एम. ए. झालेली आमची पोरे मात्र प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात शोधत असतात.